भाषणातला माणूस

"आणि ताई, तो माणूस आता कसा आहे हो?"

प्रश्न मागच्या रांगेतून आला. विचारणारी म्हातारी उठून उभीसुद्धा राहिली नव्हती. मांडीवरच्या पिशवीवर दोन्ही हात ठेवून, शेजारच्या घरातली खुशाली विचारावी तितक्या सहज तिनं विचारलं होतं. व्यासपीठावर उभ्या असलेल्या आमदारबाईंच्या ओठांवर पुढचं वाक्य तयार होतं, आणि ते तिथंच राहिलं. "कोण माणूस?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं कोण ते. "तोच हो, आईला उचलणारा. तुम्ही सभागृहात सांगितलंत ना, टीव्हीवर ऐकलं मी. सुनेला हातातलं काम टाकून बोलावलं, म्हटलं ऐक गं. तेव्हापासून मनात आहे, ताई भेटल्या की विचारायचं, त्या बिचाऱ्याचं पुढं काय झालं." पंखे फिरत होते. पहिल्या रांगेतली माणसं मान वळवून म्हातारीकडे आणि मग पुन्हा व्यासपीठाकडे पाहू लागली. "बरा आहे," ती म्हणाली. "छान चाललंय त्याचं." कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. "चला, बरं झालं," म्हातारी म्हणाली, "जिवाला घोर लागला होता," आणि पिशवीचे बंद नीट करत बसली.

अधिवेशन संपलं की मतदारसंघात फिरून काय काय मंजूर झालं ते लोकांना सांगायचं, ही तिची पहिल्या निवडणुकीपासूनची रीत. या वेळी सांगण्यासारखं खरंच होतं. जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे कान दवाखान्यातच तपासायचे. बाप झालेल्यालाही रजा द्यायची. सरकारी दवाखाने संध्याकाळी उघडे ठेवायचे. आणि चौथं विधेयक तिचं स्वतःचं. घरातल्या आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्याला पगारी रजा, आणि ज्यानं त्यापायी नोकरी सोडली त्याला महिन्याचा भत्ता. ते एकमतानं मंजूर झालं होतं. तिच्या नावापुढं नवऱ्याचं आणि बापाचं नाव सोडून तिसरं काही लागलं असेल तर ते हे विधेयक, असं ती गमतीनं म्हणायची. गेले काही दिवस ती हॉलमागून हॉल ही चार विधेयकं सांगत फिरत होती, तेच विनोद, तेच थांबे, पाण्याचा घोट त्याच जागी, आणि तिला कधी थकवा आला नव्हता. आता मात्र हातातला माईक एकदम जड वाटू लागला. उरलेलं ती बोलली कसंबसं. लोक भेटायला आले, हात जोडले, अर्ज दिले, एका मुलीनं बाळ पुढं केलं, त्याच्या कानाला तिनं बोट लावलं आणि सगळे हसले. आणि या सगळ्याच्या खाली, जिन्याखाली मांजर घुसून बसावं तसं ते बसून होतं: बरा आहे. छान चाललंय त्याचं. तो कसा आहे ते तिला माहीत नव्हतं. आई गेल्यापासून ती भावाला भेटली नव्हती.

गाडीत तिचा सहायक पुढच्या सीटवरून मागं वळून बोलत होता. संध्याकाळी निवेदनाचं चित्रीकरण होतं. ज्यांना सभेला येता येत नाही त्यांच्यासाठी चार मिनिटांत चार विधेयकं. सहायक चांगला माणूस होता, तिच्याआधी दोन आमदारांचं काम त्यानं सांभाळलं होतं, आणि लोकांना काय भिडतं ते त्याला जात्याच कळायचं. "म्हातारीनं मुद्द्याला हात घातला, ताई," तो म्हणाला. "कानाबिनांचं ठीक आहे, पण लोकांच्या लक्षात राहिलाय तो माणूस. त्याचं एखादं वाक्य मिळालं तर? चेहरा नको दाखवायला, नुसता आवाज. 'या कायद्यानं माझ्यासारख्यांना आधार मिळाला', एवढंच." त्याला ठाऊक नव्हतं तो माणूस कोण ते. कुणालाच तिनं सांगितलं नव्हतं. "बघते," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला भावाच्या गल्लीचं नाव सांगितलं. नंतर तिला स्वतःशीच हे कबूल करावं लागलं की त्या क्षणी आपण भावाकडे निघालो ते नक्की म्हातारीच्या प्रश्नामुळे की सहायकाच्या सूचनेमुळे, हे तिला धड सांगता आलं नसतं. राजकारणात माणूस इतकी वर्षं काढतो की एकाच पावलाला दोन-दोन कारणं असण्याची त्याला सवय होते.

लहानपणी ती पत्र्याच्या ट्रंकेवर उभी राहून भाषणं करायची आणि धाकटा समोर फरशीवर बसायचा. श्रोता तोच, अध्यक्ष तोच, टाळ्या वाजवायचं कामही त्याचंच. वाजवायला विसरला की ती ट्रंकेवरून उतरून त्याला चापट द्यायची आणि पुन्हा वर चढायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अगं, त्यालाही बोलू दे की कधी." तो म्हणायचा, "मला नाही बोलायचं, मला ऐकायचंय." पुढं ती बोलतच राहिली, आणि तो भूमापन कचेरीत नकाशे काढायला लागला, मान खाली, पेन्सिल टोकदार. मग आईच्या अंगाची उजवी बाजू एका सकाळी गेली, वाचाही बरीचशी गेली, आणि कुणी काही ठरवायच्या आतच ते ठरून गेलं. तिची पहिली निवडणूक तोंडावर होती. तो म्हणाला, "तू हो पुढं, मी आहे." सहा महिन्यांची रजा त्यानं घेतली, मग बिनपगारी, मग राजीनामा, आणि मग ड्रॉइंगचं टेबल आईच्या खोलीत ओढून आणून तिथंच बाहेरची कामं. सहा महिन्यांची अकरा वर्षं झाली. ती रविवारी यायची, फळं आणायची, आईच्या डाव्या हाताची बोटं हातात घेऊन बसायची. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवायची, आणि बघायची.

भाषणाच्या दिवशी तिनं कागद बाजूला ठेवला होता. "अध्यक्ष महोदय, मी एका माणसाला ओळखते," असं म्हणाली तेव्हा पुढं काय बोलणार हे तिचं तिलाच पुरतं माहीत नव्हतं. तो आईला कसा उचलतो, कसा न्हाऊ घालतो, रात्री उठून तिची कूस कशी बदलतो, ते ती बोलत गेली. विरोधी बाकांवरची कुजबूज थांबली. "त्याचं लग्न राहून गेलं, त्याची नोकरी गेली, त्याचं स्वतःचं असं काही उरलं नाही. त्याचं आयुष्य एका खाटेच्या कठड्याला बांधलं गेलं, आणि आपण, अध्यक्ष महोदय, त्याला धन्य आहेस म्हणून मोकळे झालो." बाकं वाजली. त्यातला शब्द न् शब्द आतून आला होता, हे ती आजही शपथेवर सांगू शकली असती. त्यानंतर काही आठवड्यांनी आई गेली. विधेयक शेवटच्या दिवशी मताला आलं तेव्हा ज्यांनी कधी तिच्याकडे बघून नमस्कार केला नव्हता ते येऊन हात हातात घेऊन गेले. त्या एकमतात थोडी सहानुभूती मिसळलेली होती, तिला ते कळत होतं. तिनं ती नाकारली नाही.

दार त्यानं उघडलं. तो वाळला होता. दाढी केलेली होती, शर्ट धुतलेला होता, घर झाडलेलं होतं. काळजी करावी असं डोळ्यांना काही सापडेना, आणि त्यामुळंच तिला जास्त काळजी वाटली. "ये," तो म्हणाला. "गाडी खाली लावलीय का? ते खालचे कुरकुर करतात." खोली तशीच होती. खिडकीशी ड्रॉइंगचं टेबल, त्यावर एकही कागद नाही. मधोमध ती लोखंडी खाट, बाजूचा कठडा खाली पाडलेला, चादर नवी, ताणून घातलेली. खाट भाड्याची होती. "न्यायला येणार होते ते," तिची नजर पाहून तो म्हणाला, "मीच म्हटलं पुढच्या आठवड्यात या. तेव्हापासून दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात या म्हणतोय. आता तेही हसतात फोनवर." त्यानं चहा टाकला. ती टेबलापाशी बसली, आणि सहायकाला काय सांगायचं त्याचा विचार तिच्या डोक्याच्या एका कोपऱ्यात चालूच होता, आणि तो चालू आहे याची तिला लाज वाटत होती, आणि तरी तो थांबत नव्हता.

"काम घेतलंस का काही?"

"नाही. घेईन."

"झोप लागते?"

"लागते की. मोडते." तो कप पुढं सरकवत म्हणाला. "रात्री उठतो मी अजून. तिला वळवायला. उभा राहतो खाटेपाशी, मग लक्षात येतं. मग पाणी पिऊन पडतो. अंगवळणी पडलंय, दुसरं काय."

तिनं चहाचा घोट घेतला. साखर जास्त होती. आईला लागायची तेवढी. "आज सभेत एका म्हातारीनं तुझी चौकशी केली," ती म्हणाली. "म्हणजे, तुझी म्हणून नाही, पण..." आणि तिला वाक्य पुरं करता येईना. हजार माणसांपुढं न अडखळणारी ती तिथं कपाच्या कानाशी बोटानं खेळत राहिली.

"भाषणातल्या माणसाची?" तो म्हणाला. तिनं वर पाहिलं. तो हसत होता, थोडंसं. "ऐकलं मी. चांगलं होतं. ते कठड्याचं वाक्य तर फारच. टाळ्या वाजवायच्या तेवढ्या राहिल्या माझ्या."

"तू ऐकलंस?"

"तू बोलणार असलीस की लावायचोच टीव्ही. आईसाठी."

हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिनं फोनवर शंभरदा ऐकलं होतं, तू दिसलीस की आई डोळे मोठे करते. पण आईला आता शब्द कळत नाहीत, नुसता चेहरा कळतो, असं तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. ते ठरवणं सोयीचं होतं; रविवारी काही बोलायला सुचलं नाही तर चालायचं. आता टेबलाच्या कडेला हात धरून बसलेली असताना तिला खोली आतली बाहेर उलटल्यासारखी वाटली, जणू इतका वेळ ती पडद्यावरून या खोलीकडे पाहत होती आणि आता या खोलीतून पडद्यावरच्या बाईकडे पाहत होती, त्या बाईचे हात हलत होते, तोंड हलत होतं, आणि खाटेवरून दोन डोळे ते ऐकत होते. त्याचं स्वतःचं असं काही उरलं नाही.

"कळलं तिला?" तिनं विचारलं.

तो उठला, गॅस बंदच होता तरी बटण तपासून आला. "चांगला हात उचलला तिनं आणि माझ्याकडे बोट केलं. तू? असं. मी म्हटलं, छे गं, दुसरा कुणीतरी, तिला भेटतात असे लोक खूप. ती बघत राहिली माझ्याकडे. आई ती, तिच्यापुढं आपल्याला कधी खोटं बोलता आलंय?"

"मग?"

"मग काही नाही. तिच्याकडे चमचा असायचा बघ, कठड्यावर वाजवायची, काही हवं असलं की. रात्री अंग दुखायला लागलं की वाजवायची, मी उठून वळवायचो. त्या दिवसापासून चमचा वाजवेनाशी झाली. सुरुवातीला मला वाटलं, बरी झोपतेय हल्ली. मीही दमलेला असायचो, वाजवेल ती म्हणून निर्धास्त झोपायचो. पडून पडून झालेली पाठीची जखम दिसली तेव्हा ती आत गेली होती फार. मग ताप." त्यानं खाटेकडे पाहिलं. "चमचा उशीखालीच होता. हरवला नव्हता."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं आणि दुसरं कुणीतरी ये, ये, अजून, असं ओरडत होतं. तिला वाटलं, आपण काहीतरी बोलायला हवं, आणि वर्षानुवर्षं जमा केलेले सगळे शब्द, खेद, संवेदना, जबाबदारी, ओळीनं पुढं आले आणि एकेक करून परत गेले. "म्हणजे माझ्यामुळं," ती म्हणाली.

"मी तसं म्हटलं नाही. डॉक्टर म्हणाले, जखम झाली नसती तरी फार दिवस नव्हते. खरं असेल. मला सांगायचं होतं कुणालातरी, एवढंच, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगणार? ती गेली त्या दिवशी तू आलीस सकाळी आणि गेलीस दुपारी, सभागृहात तुझं मतदान होतं." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, असता तर तिला बरं वाटलं असतं.

"मी तुला विचारायला हवं होतं. बोलायच्या आधी."

"हवं होतंच." मग नकाशावरची रेघ तपासावी तसं त्यानं ते तपासलं. "पण विचारलं असतंस तर मी काय म्हणालो असतो, कुणास ठाऊक. वाईट दिवस असता तर म्हटलं असतं, बोल बाई, खरं आहे सगळं. काही रात्री मला वाटायचं, मरावी ही आता. तोंडावर पाणी मारून यायचो. ते तुझ्या भाषणात नव्हतं. आणि काही सकाळी तिचे केस विंचरताना वाटायचं, इतकं नीट मी आयुष्यात दुसरं काही केलेलंच नाही. एकही नकाशा नाही. तेही नव्हतं." तो हसला. "तुझा माणूस फार सरळ होता गं. मला त्याची कीव आली."

फोन वाजायला लागला. सहायक. तो उचलून ती म्हणाली, आज चित्रीकरण होणार नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही," ती म्हणाली, "तो माणूस बोलणार नाही. आणि निवेदनात त्याचा उल्लेख नको, कायदा काय आहे तेवढंच राहू दे." तिनं फोन बंद केला. आपण केलं ते फारच थोडं आणि फारच उशिरा, हे तिला फोन खाली ठेवण्याच्या आतच कळलं होतं. कायदा चांगला होता. तो उद्याही चांगलाच राहणार होता. कुठल्यातरी घरात कुठल्यातरी बापासाठी मुलगी रजा घेणार होती, आणि ती मुलगी तिला दुवा देणार होती. आणि हे सगळं खरं असूनही एका खोलीत एक चमचा उशीखाली राहिला होता. दोन्ही गोष्टींना एकमेकींशी काही बोलायचं नव्हतं. त्या नुसत्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"पड जरा," भाऊ म्हणाला. "तोंड बघ किती उतरलंय. जेवलीस का दुपारी? नाहीच." पडायला त्या खोलीत ती एकच जागा होती. ती चपला काढून खाटेवर आडवी झाली, आधी नुसती टेकल्यासारखी, मग पाय वर घेऊन. गादीला मधे किंचित खळगा होता आणि तिचं अंग आपसूक त्यात उतरलं. नवीन चादरीखालून पावडरचा आणि औषधाचा वास आला. छताला एक ओलीची खूण होती, बोटीसारखी, किंवा उताण्या पडलेल्या माणसासारखी. आई अकरा वर्षं हे बघत होती, तिच्या मनात आलं, आणि मी एकदाही वर पाहिलं नाही. दर रविवारी मी तिची बोटं धरून बसले आणि तिला काय दिसतं ते पाहिलं नाही. तिला रडू येईल असं वाटलं, पण रडण्याच्या आधी झोपच आली, लहानपणी तापात यायची तशी, खालून ओढून नेणारी. झोपेत ती कुठल्यातरी दालनात उभी होती आणि बाकांवर कुणीच नव्हतं, आणि ती ओरडून ओरडून विचारत होती की ऐकू येतंय का, मागपर्यंत ऐकू येतंय का.

जाग आली ती हातांनी. उजेड मावळला होता, पापण्यांवर तो जाणवत नव्हता. एक तळवा तिच्या खांद्याखाली सरकला होता, दुसरा कमरेखाली. ते हात घाईत नव्हते. तिला वाटलं, तो खुर्चीत पेंगला असेल आणि सवयीनं उठला असेल, अर्ध्या झोपेत, खाटेवर कुणी आहे एवढंच पाहून. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. आपण आता हललो तर तो दचकेल, त्याला पुन्हा एकदा लक्षात येईल, पुन्हा पाणी पिऊन पडावं लागेल. तिनं श्वास धरला. आपलं अख्खं अंग लाकडासारखं ताठ झालंय हे तिला समजलं, मान, पोटऱ्या, मुठी, सगळं. इतकी वर्षं लोकांपुढं उभं राहून राहून ते आडवं असतानाही उभंच होतं.

"जागी आहेस ते कळतंय मला," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात झोप नव्हती. "झोपेत कुशीवर वळलीस ती केव्हाची तशीच पडलीस. मुंग्या येतील हाताला. अंग सैल सोड."

तिनं सोडायचा प्रयत्न केला. जमेना. तो थांबला. हात तिथंच ठेवून तो थांबून राहिला, जणू त्याला दुसरीकडे कुठं जायचंच नव्हतं. आधी तिच्या मुठी उघडल्या, मग मान, मग पाठ, आणि मग एकदम सगळा भार त्या दोन हातांवर गेला. "हां," तो म्हणाला, "असं," आणि त्यानं तिला उचलल्यासारखं न करताच वळवलं, पाठीशी उशी लावली, पांघरूण खांद्यापर्यंत ओढलं. भिंतीकडे तोंड झाल्यावर ती रडू लागली, मोठ्यानं, वेड्यावाकड्या आवाजात, खाली ऐकू जाईल इतकं. तो खाटेच्या कडेला बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिथून हलला नाही.